वेशीबाहेरचा तांडा: खेळातल्या जगावरून प्रवासकथा कशी लिहायची

स्कायरिम या व्हिडिओ गेमवर मी पहिल्यांदा गोष्ट लिहिली तेव्हा साठ पानं झाली होती. दोन ड्रॅगन मेले, तीन गुहा धुंडाळून झाल्या आणि नायकाकडे सात तलवारी जमल्या. मावशीने ती सगळी वाचली, चष्मा काढला आणि विचारलं, "ह्या माणसाला भूक लागत नाही का गं?"

तिने तो खेळ कधी बघितलाही नव्हता. पण नेमकं दुखणं तिलाच कळलं. मी गोष्ट लिहिलीच नव्हती, खेळताना काय काय घडलं त्याची जंत्री उतरवली होती. पुढे दोन-तीन वेळा आपटल्यावर जी पद्धत हाती लागली ती इथे मांडते. उदाहरण स्कायरिमचंच घेते, कारण ते जग मला गल्लीबोळांसकट माहीत आहे. बेथेस्डा कंपनीचा हा खेळ ११ नोव्हेंबर २०११ रोजी आला आणि अजून खेळला जातो. तुमचा खेळ दुसरा असला तरी रस्ता बराचसा हाच.

आधी नायकाला घरी बसवा

खेळ खेळणाऱ्याला खूश ठेवण्यासाठी बनवलेला असतो. स्कायरिममध्ये तुम्ही ड्रॅगनबॉर्न, म्हणजे ड्रॅगनचा आत्मा घेऊन जन्मलेला नायक. दारं तुमच्यासाठी उघडतात, जार्ल म्हणजे तिथले सरदार तुमचं ऐकून घेतात, तीनशे वजनाचं ओझं पाठीवर घेऊन तुम्ही डोंगर पळत चढता आणि नकाशावर बोट ठेवलं की दुसऱ्या टोकाला पोचता. अशा माणसाची प्रवासकथा होत नाही, कारण त्याला रस्ता कुठे नडतच नाही.

म्हणून पहिलं काम म्हणजे ज्याला रस्ता नडतो असा माणूस शोधणं. स्कायरिममध्ये असे पुष्कळ आहेत. विंडहेल्म शहरात आर्गोनियन, म्हणजे सरड्यासारख्या दिसणाऱ्या, हमालांना तटाच्या आत राहू देत नाहीत, ते धक्क्यावर राहतात. आयव्हरस्टेडचा क्लिमेक सात हजार पायऱ्या चढून वरच्या साधूंना खारवलेलं मांस आणि सुके मासे पोचवतो आणि आता त्याचे पाय कुरकुरायला लागलेत. मला मात्र खजीत लोकांच्या तांड्याने धरून ठेवलं. मांजरासारख्या तोंडाचे, दूर दक्षिणेतल्या एल्स्वेअरहून आलेले हे व्यापारी. त्यांचे तीन तांडे फिरतात. रि'सादचा व्हाइटरन ते मार्कार्थ, मा'द्रानचा सॉलिट्यूड ते विंडहेल्म आणि अहकारीचा डॉनस्टार ते रिफ्टन. माल विकायला शहरापर्यंत जातात, पण शहरात त्यांना प्रवेश नाही. तंबू पडतात ते तटाबाहेर.

महिनाभर चालायचं आणि पोचायचं ते बंद वेशीपाशी. एवढ्यावर गोष्ट सुरू होते.

एक रस्ता निवडा

एकच. नवखे लिहिणारे अख्खा नकाशा घेतात आणि तिथेच फसतात. नऊच्या नऊ परगणे दाखवायचा मोह होतो, कारण बर्फ पण सुंदर, दलदल पण सुंदर. मी व्हाइटरन ते मार्कार्थ हा पश्चिमेचा रस्ता घेतला. सुरुवातीला मॅमथ आणि राक्षस हिंडतात ते उघडं माळरान, मग पश्चिमेचा पहाऱ्याचा बुरूज, रोरिकस्टेडची शेतं, पुढे रीचचा खडकाळ मुलूख, कार्थ नदी, ओल्ड ह्रोल्डनची सराई आणि शेवटी केव्हाच नाहीशा झालेल्या ड्वेमर लोकांनी दगडात कोरलेलं मार्कार्थ. तीन-चार मुक्काम, भूभाग दोनदा बदलतो, आणि वाटेत फोरस्वॉर्न बंडखोरांची भीती. लांबलचक कथेला हे पुरतं. कादंबरी लिहायची असेल तर परतीचा रस्ताही आहेच.

प्रवाशाला एक बारीक काम द्या

"जग वाचवणं" हे काम चालणार नाही. काम इतकं लहान हवं की दुसऱ्या कुणी ते केलं नसतं.

माझा प्रवासी मा'झीर. तांड्यात भांडी घासतो, खेचरं बघतो. त्याच्याकडे आजीचं चांदीचं कडं आहे, मधोमध तुटलेलं. मार्कार्थ हे चांदीचं शहर, तिथे एंडॉन नावाचा चांदीकाम करणारा खेळातच आहे. त्याच्याकडून कडं सांधून आणायचं. पण एंडॉन तटाच्या आत आणि मा'झीर बाहेर. म्हणजे त्याला कुठल्या तरी परक्या माणसावर भरवसा टाकावा लागणार. रस्त्यात भेटणारा प्रत्येक नॉर्ड, म्हणजे तिथला स्थानिक माणूस, आता आपोआप कथेत येतो, कारण प्रत्येकाकडे बघताना मा'झीरच्या मनात एकच हिशेब चालू असतो: ह्याच्या हातात कडं द्यावं का?

खजीत नावांचा एक तपशील मला फार उशिरा कळला, तुम्हाला आधीच सांगते. त्यांच्या नावापुढचं अक्षर माणसाची पायरी सांगतं. 'मा' म्हणजे लहान मूल किंवा उमेदवार. 'जा' म्हणजे तरणाबांड. 'रि' म्हणजे म्होरक्या, 'द्रो' म्हणजे आजोबा. मा'झीर एका खेपेत जा'झीर झाला तर कुणीतरी त्याला त्या नावाने पहिल्यांदा हाक मारणार. कोण मारणार आणि कधी, हे ठरलं तेव्हा मला कथेचा शेवट सापडला. तुमच्या खेळातही असे तपशील पडलेले असतात, बहुधा खेळातल्याच एखाद्या पुस्तकाच्या पानात, जे सगळे न वाचता विकून टाकतात.

वही घेऊन चाला

आता खेळ सुरू करा, पण खेळू नका. डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये जाऊन एचयूडीची (पडद्यावरच्या पट्ट्या आणि खुणांची) ओपॅसिटी शून्यावर आणा, म्हणजे डोक्यावरची होकायंत्राची पट्टी जाते. संगणकावर असाल तर कॅप्स लॉक दाबून धावणं बंद करा. मूळ चाल ही खरं तर दुडकी आहे. फास्ट ट्रॅव्हल, म्हणजे नकाशावर बोट ठेवून थेट पोचणं, वर्ज्य. २०१७ मध्ये सर्व्हायव्हल मोड आला, तो मिळाला तर लावा. त्यात भूक, थंडी आणि थकवा मोजला जातो आणि फास्ट ट्रॅव्हल आपोआप बंद होतं.

तांडे खेळात खरोखर रस्त्याने चालतात. काही दिवस तंबूत बसतात, मग उठून पुढच्या शहराकडे निघतात. मी रि'सादच्या मागे मागे चालत गेले. कंटाळा आला, आणि तो कंटाळा फार उपयोगी पडला. वहीत काय लिहायचं? दिसलं ते लिहू नका, स्क्रीनशॉट आहेत त्यासाठी. सूर्य कुठल्या बाजूला होता, वारा कुठून येत होता, पाण्याचा आवाज आधी ऐकू आला की पाणी आधी दिसलं, कुणी मागे वळून पाहिलं, हे लिहा. रीचमध्ये शिरलं की झुडपं बदलतात, जुनिपर दिसायला लागतं. माळरानात आभाळ मोठं होतं, ते इथे दोन कड्यांच्या मध्ये अरुंद होतं. मा'झीरला आयुष्यात पहिल्यांदा मान वर करावी लागली, असं माझ्या वहीत आहे. कथेतही ते वाक्य जवळपास तसंच राहिलं.

अंतर आणि वेळ ताणा

खेळातलं जग लहानखुरं असतं. व्हाइटरन ही एका परगण्याची राजधानी म्हणे, पण घरं बोटांवर मोजण्याइतकी. सात हजार पायऱ्या म्हणतात, प्रत्यक्षात मोजल्या तर हजारसुद्धा भरत नाहीत. कथेत नावाला जागणारा आकार द्या: पायऱ्या सात हजारच, शहर शहराएवढं.

वेळेचं गणित सोपं आहे. स्कायरिममध्ये घड्याळ वीसपट धावतं. आपलं एक मिनिट म्हणजे तिथली वीस मिनिटं, आणि तिथला अख्खा दिवस आपल्या ७२ मिनिटांत संपतो. समजा एक टप्पा चालायला तुम्हाला १५ मिनिटं लागली, तर तिथे पाच तास झाले. हे कथेसाठी अजून थोडंच आहे. मी माझ्यापुरता नियम केला की खेळातला एक तास म्हणजे कथेतला एक दिवस. तुम्ही दुसरा करा, पण केलात की शेवटपर्यंत पाळा. वाचक मोजत बसत नाही, पण घोळ त्याला जाणवतो.

ओझं घेऊन माणसं रोज किती चालतात, याचा अंदाज हवा असेल तर आपल्याकडे वारी आहे. आळंदी ते पंढरपूर सुमारे २५० किलोमीटर, अठरा-वीस दिवस. दिवसाला सरासरी बारा-पंधरा किलोमीटर, कधी दिवेघाटासारखा दमछाक करणारा टप्पा, कधी विसावा. घरात कुणी वारी केलेली असेल तर विचारा की तिसऱ्या दिवशी शरीराचं काय होतं. मला मिळालेलं उत्तर होतं, "पायाचं नाही गं, खांद्याचं होतं." मा'झीरचे खांदे दुखतात ते तिथूनच आले.

मोठा इतिहास रस्त्याच्या कडेने जाऊ द्या

स्कायरिमची मुख्य कथा चौथ्या युगाच्या २०१व्या वर्षी, लास्ट सीड महिन्याच्या १७ तारखेला सुरू होते. ड्रॅगन परत येतात, यादवी चालू असते. हे सगळं कथेत घ्यायचं का? घ्या, पण लांबून. व्हाइटरनच्या पश्चिमेचा बुरूज ड्रॅगन जाळतो, ही खेळातली गाजलेली लढाई. माझा तांडा तिथून दुसऱ्या दिवशी जातो. दगड अजून गरम आहेत. मा'झीर त्यावर हात शेकतो आणि रि'साद त्याच्यावर खेकसतो. लढाई तेवढीच.

हे मी वरसईच्या गोडसे भटजींकडून उचललं. घरावरचं कर्ज फेडायला चार पैसे दक्षिणा मिळेल म्हणून विष्णुभट १८५७ मध्ये उत्तरेकडे निघाले आणि बंडाच्या ऐन धुमाळीत, वेढा पडलेल्या झाशीत सापडले. राणी त्यांच्या लिखाणात आहे, तोफा आहेत, पण सगळं एका भेदरलेल्या, पैशांची काळजी करणाऱ्या भिक्षुकाच्या नजरेतून. त्यांचं 'माझा प्रवास' १९०७ मध्ये छापून आलं. ड्रॅगन, राक्षस यांच्यावर लिहायला बसण्याआधी ते एकदा वाचाच. सेनापतीच्या नजरेतून तोच वेढा कसा दिसला असता, याची कल्पना करून बघा. मी तरी तो वाचू शकले नसते.

खेळातली माणसं पाहुण्यासारखी आणा

रोरिकस्टेडच्या फ्रॉस्टफ्रूट सराईत म्राल्की आणि त्याचा मुलगा एरिक आहेत. एरिकला शेती नको, साहसावर निघायचंय, आणि बाप नाही म्हणतो. खेळणाऱ्या सगळ्यांना हे माहीत असतं. म्हणून त्याची गोष्ट पुन्हा सांगू नका. त्याला मा'झीरशी दोन वाक्यं बोलू द्या. एरिकला घर सोडायचंय आणि मा'झीरला कुणी घरात घेत नाही. दोघं एकाच विहिरीपाशी उभे आहेत, पोहरा एकच आहे. मला हा प्रसंग लिहायला तीन आठवडे लागले, आणि त्यात काहीही घडत नाही. ओल्ड ह्रोल्डनला जुना सम्राट टायबर सेप्टिम झोपला होता म्हणे ती खोली भाड्याने देतात. तिथे तांड्यातल्या एकीला फक्त डोकावायचं असतं, एवढाच आणखी एक प्रसंग. बाकीच्या ओळखीच्या माणसांना मी गाळलं.

मराठी: खरी अडचण इथे आहे

इंग्रजीत लिहिणाऱ्यांना एक गोष्ट फुकट मिळते. त्यांचा 'यू' सगळ्यांना चालतो. मराठीत दोन माणसं समोरासमोर आली की पहिल्याच वाक्यात ठरवावं लागतं: तू की तुम्ही? आधी मला ही कटकट वाटायची. आता वाटतं, माणसामाणसांतल्या उतरंडीवर चालणाऱ्या कथेला याहून चांगलं हत्यार नाही. बसण्याआधी एक तक्ता करा. कोण कोणाला काय म्हणतं, आणि कुठे बदलतं. मा'झीर रि'सादला तुम्ही म्हणतो. पहारेकरी मा'झीरला तू. एरिक आधी तू आणि पोहरा परत देताना नुसतंच "घे". सराईवाला पैसे दिसेपर्यंत तू, दिसल्यावर तू-तुम्ही दोन्ही टाळतो: "जेवण हवंय का?"

खजीत लोकांची आणखी एक लकब आहे. ते 'मी' क्वचित म्हणतात, स्वतःचा उल्लेख तिसऱ्या माणसासारखा करतात. मराठीत "खजीत दमलाय" हे छान बसतं. मात्र दर वाक्यात घातलंत तर तमाशातलं सोंग होईल. मी नियम केला की परक्यांसमोर 'खजीत' आणि तांड्यात आपसांत 'मी'. अख्ख्या कथेत एकदाच त्याच्या तोंडून परक्यासमोर 'मी' निसटतो.

नॉर्ड लोकांना कोल्हापुरी बोलू द्यावं का, असं मला एकाने विचारलं होतं. नको. कानाला क्षणभर मजा वाटते आणि मग मार्कार्थ पुसलं जाऊन रंकाळा दिसायला लागतो. बोलीचा पोत हवा असेल तर वाक्याची लांबी बदला. नॉर्ड तुटक बोलतात, खजीत आडवळणाने.

नावं भाषांतरित करू नका. व्हाइटरनचं 'शुभ्रधाव' करणारा एक मसुदा माझ्या ड्रॉवरमध्ये आहे आणि तो तिथेच राहील. पण सामान्य शब्दांना मराठी शोधा: होल्डला परगणा, इनला सराई, कॅरॅव्हॅनला तांडा. सेप्टिम (तिथलं नाणं) आणि मीड (मधाची दारू) तसेच राहू द्या.

आणि इथे एक सावधगिरी. 'तांडा', 'वेशीबाहेर', 'गावकुसाबाहेर' हे शब्द लिहिले की त्यांच्यासोबत आपला इतिहास कथेत शिरतो. खेळातले पहारेकरी खजीत म्हटला की चोर धरून चालतात. आपल्याकडे १८७१ पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्याने पारध्यांसारख्या जमातींवर जन्मानेच गुन्हेगारीचा शिक्का मारला होता, तो कायदा १९५२ मध्ये गेला, शिक्का पुरता गेलेला नाही. मांजरतोंड्या व्यापाऱ्याची गोष्ट ही त्या माणसांची गोष्ट नव्हे, आणि तसा आव आणू नका. पण 'गावकुसाबाहेर' हा शब्द मी कथेत घालायचा की नाही, यावर चार दिवस घालवले. शेवटी 'तटाबाहेर' लिहिलं. तुम्ही कदाचित उलटं ठरवाल. ठरवून करा म्हणजे झालं.

हे सगळं एकत्र कसं दिसतं, याचा एक तुकडा:

वेशीवरच्या पहारेकऱ्याने आधी कड्याकडे पाहिलं, मग मा'झीरकडे.
"कुठून उचललंस?"
"खजीतच्या आजीचं आहे."
"आणि आजी कुठंय?"
मा'झीरने दक्षिणेकडे हात केला. तिकडे डोंगर होते. त्यांच्या मागे आणखी डोंगर.
"आत चांदीचं काम करणारा आहे म्हणतात. एवढं त्याच्यापर्यंत पोचवाल का तुम्ही? खजीत दोन सेप्टिम देईल."
"पाच."
"चारच आहेत."
पहारेकऱ्याने हात पुढे केला. कडं त्या लोखंडी पंजात गेलं, आणि तेव्हा मा'झीरच्या ध्यानात आलं की ह्या माणसाचं तोंडच आपण पाहिलेलं नाही. शिरस्त्राणाच्या आत नुसता अंधार होता.

पहारेकऱ्यांची तोंडं झाकलेली असतात, हा खेळातला साधा तपशील आहे. बनवणाऱ्यांना बहुधा प्रत्येकासाठी वेगळा चेहरा करायचा नसेल. कथेत त्याची भीती झाली.

खेळाचे नियम कुठे पुसायचे

लेव्हल, आरोग्याची लाल पट्टी, औषध पिताच बुजणारी जखम, लढाई थांबवून वीस चीजचे तुकडे खाणं, हे सगळं जातं. जखम झाली की ती पुढच्या मुक्कामालाही ठसठसली पाहिजे. जादू ठेवा, पण तिची किंमत ठेवा. मृतदेहाच्या खिशातून सामान काढणं खेळात एका बटणाचं काम आहे. कथेत मा'झीरला ते करावंच लागलं तर मला त्यासाठी पूर्ण पान लागेल. पैसेही जपून. सराईतली खोली दहा सेप्टिमला मिळते, हा खेळातला आकडा धरला की चार सेप्टिमवाला पोरगा कुठल्या पायरीवर उभा आहे ते लगेच कळतं.

खेळ न खेळलेल्या माणसाला वाचायला द्या

खेळणारे मित्र तुम्हाला सांगतील की रोरिकस्टेडला विहीर कुठे आहे. ते नंतर. आधी मावशी. तिने जिथे "हे कोण?" म्हणून पेन्सिलने खूण केली, तिथे मी खेळाच्या भरवशावर होते. अशा एकतीस खुणा निघाल्या. अर्ध्या ठिकाणी एक शब्द पुरला, बाकीच्या ठिकाणी तो परिच्छेदच गेला.

कुठे टाकायची

जग आणि त्यातली नावं बेथेस्डाची आहेत. तिची पालक कंपनी मार्च २०२१ मध्ये मायक्रोसॉफ्टने घेतली. म्हणून अशी कथा विकू नका. हौशी कथांसाठी आर्काइव्ह ऑफ अवर ओन हे ना-नफा ठिकाण २००९ पासून चालू आहे. तिथेही कथेखाली पैसे मागायला परवानगी नाही. वर्गवारीत खेळाचं नाव टाका, भाषा मराठी लिहा आणि मुख्य पात्र तुमचं स्वतःचं आहे हे सांगा, म्हणजे ड्रॅगनबॉर्न शोधत आलेला वाचक चिडणार नाही. पुढेमागे पुस्तक करायचं मनात असेल तर स्कायरिम, खजीत, मार्कार्थ सगळं काढून तुमचं जग उभं करावं लागेल. मी तसा प्रयत्न सध्या करते आहे. मा'झीरचं नाव बदललं, शेपूटही काढली. कडं आणि वेस तेवढी ठेवलीत.